परीक्षाकेंद्रापासून बांधीपर्यंत : साकोली परिसर आणि विद्यापीठांची सामाजिक जबाबदारी

भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील साकोली हे तालुक्याचे ठिकाण नागपूर–रायपूर महामार्गावर, नागपूरपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर वसलेले असून ब्रिटिश अमदानीत ते जिल्ह्याच्या तीन तहसिलींपैकी एकीचे मुख्यालय होते. धानाची शेती, जुने तलाव, तेंदूपत्ता आणि त्यावर चालणारा बिडीचा धंदा या आधारांवर या भागाचे अर्थकारण दीर्घकाळ उभे राहिले. साकोलीत कोणत्याही विद्यापीठाचे मुख्यालय नाही आणि कधी नव्हतेही. तरीही महाराष्ट्रातील विद्यापीठे समाजाविषयीची आपली जबाबदारी कशी ओळखत गेली आणि त्यासाठी स्वतःत कोणते बदल करू शकली किंवा करू शकली नाहीत, हे तपासण्यास हे गाव विशेष सोयीचे आहे. याचे कारण असे की, दोन वेगवेगळ्या घडणीची विद्यापीठे येथे एकाच वेळी कार्यरत आहेत. एक नागपूर विद्यापीठ, जे संलग्न महाविद्यालयाच्या रूपाने येथे आले. दुसरे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जे धान संशोधन केंद्राच्या रूपाने आले. एकाची मूळ घडण परीक्षा घेण्यासाठी झाली, तर दुसऱ्याच्या घडणीतच शेतकऱ्यापर्यंत पोहोचण्याचे काम गृहीत धरलेले होते. या दोन घडणींचा फरक साकोलीच्या शिवारात जितका स्पष्ट दिसतो तितका तो विद्यापीठांच्या अहवालांत दिसत नाही.

भारतातील पहिली तीन आधुनिक विद्यापीठे १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यापुढे लंडन विद्यापीठाचा १८३६ चा नमुना होता. संलग्नक विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत शिकवण्याचे काम महाविद्यालये करीत आणि विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवून, परीक्षा घेऊन पदव्या देत असे. मध्य प्रांतातील विद्यार्थी याच पद्धतीने आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले असले तरी त्यांच्या पदव्यांवर शिक्का दूरच्या शहराचा असे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्याशी ६ महाविद्यालये जोडलेली होती आणि विद्यार्थिसंख्या ९२७ होती. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू झाले. पदवी देणारी संस्था प्रांताच्या राजधानीत आली ही मोठी गोष्ट होती, पण भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादक कुटुंबाच्या दृष्टीने विद्यापीठ हे अजूनही परीक्षा, निकाल आणि सरकारी नोकरीचा दाखला एवढ्यापुरतेच होते.

समाजाने विद्यापीठाकडून काही वेगळे मागितल्याची उदाहरणे याच काळात आढळतात. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे आपली मोठी संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. जमिनीतून निघालेला पैसा उद्योगोपयोगी ज्ञानाकडे वळवण्याची ही देणगीदाराची इच्छा होती आणि विद्यापीठाने ती पूर्ण केली. याउलट, १९३७ च्या ऑक्टोबरात विद्यापीठापासून जेमतेम ७५ किलोमीटरवरच्या वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण गुंफणाऱ्या नई तालीमचा आराखडा पुढे आला, तेव्हा तो सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणापुरताच होता. पदवीच्या परीक्षेची चौकट त्याने हलवली नाही. या दोन प्रसंगांची तुलना केली असता एक गोष्ट लक्षात येते : ज्या मागणीसोबत निधी, इमारत आणि पदे आली ती विद्यापीठात रुजली, आणि जी मागणी विचार म्हणून आली तिचा आदर झाला, पण कामकाजात बदल झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये जिल्ह्याच्या ठिकाणांकडे आणि पुढे तालुक्यांकडे सरकू लागली, आणि हा विद्यापीठाच्या सामाजिक जबाबदारीचा पहिला ठोस टप्पा मानावा लागतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्या संक्रमणाच्या काळातच, १९५८ मध्ये, बिडी व्यवसायात नाव कमावलेले मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. या संस्थेने जिल्ह्यात शाळा आणि महाविद्यालयांचे जाळे विणले आणि साकोलीतील मनोहरभाई पटेल महाविद्यालय त्याच जाळ्याचा भाग आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि बिड्या वळणाऱ्या हातांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या धंद्यातील पैसा त्याच भागातील मुलांच्या पदवीशिक्षणाकडे वळला, हे या विस्ताराचे वैशिष्ट्य होय. नागपुरात खोली घेऊन राहण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबातील मुलगा, आणि विशेषतः मुलगी, घरून ये-जा करून पदवीधर होऊ शकली ती या महाविद्यालयांमुळे. मात्र या टप्प्यात बदलले ते विद्यापीठाचे अंतर. त्याचा आशय फारसा बदलला नाही. साकोलीत शिकवला जाणारा अभ्यासक्रम नागपुरात ठरलेला तोच राहिला आणि तो पूर्ण करणाऱ्याला आपल्या गावच्या तलावाविषयी किंवा बांधीविषयी, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचराविषयी, एकही प्रश्न विचारला जात नसे.

दुसऱ्या विद्यापीठाची वंशावळ वेगळी आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी देण्यात आल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारण्यात आली. पुढील अर्धशतकात त्या महाविद्यालयांना प्रयोगकेंद्रे आणि विस्तारसेवा यांची जोड मिळाली. विस्तार म्हणजे विद्यापीठातील ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेणे आणि शेतकऱ्याची अडचण विद्यापीठात आणणे. भारतात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली आणि १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ अमेरिकेतील त्या नमुन्यावर सुरू झाले. महाराष्ट्रात असे विद्यापीठ कोठे असावे यावरून विदर्भात तीव्र भावना होत्या. १९६७ मध्ये अकोल्यात आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गोळीबारात बळी गेले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे विदर्भासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला देशाचे माजी कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. ब्रिटिश सरकारने १९०६ मध्ये सुरू केलेले नागपूरचे कृषी महाविद्यालयही या विद्यापीठाकडे आले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे नव्या विद्यापीठाच्या रचनेतच होती. विस्तार शिक्षणासाठी स्वतंत्र संचालक, स्वतंत्र कर्मचारी आणि स्वतंत्र तरतूद होती.

या रचनेचा साकोलीतील अर्थ धानाच्या पिकातून समजतो. या पट्ट्यात शेतकरी धानाची विभागणी हलके, मध्यम आणि भारी अशी करतो. हलके धान लवकर कापणीला येते आणि उंचवट्याच्या, पाणी कमी धरणाऱ्या बांधीत घेतले जाते, तर भारी धान उशिरा येते आणि खोलगट, तलावाच्या पाण्याखालच्या बांधीत टिकते. साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रातून साकोली-६, साकोली-७ आणि साकोली-८ यांसारखे वाण निघाले, आणि ते निवडताना उत्पादनाइतकाच कालावधी, दाण्याचा आकार आणि किडीला तोंड देण्याची ताकद यांचा विचार करावा लागला. यातील किडीचा भाग स्थानिक आहे. पूर्व विदर्भातील दमट हवेत आणि पाणी साचलेल्या बांध्यांत गादमाशी नावाची डासासारखी बारीक माशी धानावर अंडी घालते. तिची अळी फुटव्याच्या वाढीच्या टोकात शिरते आणि लोंबी धरणाऱ्या फुटव्याच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी निघते, जिला दाणा कधीच धरत नाही. रोवणीनंतर बांधीत फिरणाऱ्या शेतकऱ्याला ही नळी दिसते तेव्हा त्या फुटव्यापुरते नुकसान होऊन गेलेले असते. म्हणूनच गादमाशीस प्रतिकार करणाऱ्या रोपांची पारख, जिथे ही कीड दरवर्षी येते अशाच ठिकाणी करावी लागते. साकोली हे असे ठिकाण असल्यामुळे देशभरातील धान चाचण्यांत त्याला स्थान मिळाले. विद्यापीठ साकोलीत आले ते उपकार म्हणून नव्हे. साकोलीच्या शेतावाचून त्याचे संशोधन पुरे होत नव्हते.

भंडारा जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्रही साकोलीत आहे. कृषी विज्ञान केंद्र म्हणजे एका जिल्ह्यासाठी असलेली प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिकांची संस्था; देशातील पहिले असे केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले. याशिवाय कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना ग्रामीण कृषी कार्यानुभव या नावाने काही महिने गावात राहून काम करावे लागते, आणि गावकरी त्यांना कृषिदूत किंवा कृषिकन्या म्हणून ओळखतात. पऱ्हे टाकण्याच्या, म्हणजे धानाची रोपे तयार करण्याच्या, दिवसांत हे विद्यार्थी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धानाचे बियाणे सोडून दाखवतात. पोचट आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे, तळाशी बसलेले जड बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे आणि मग पेरायचे. शेतकऱ्यांपैकी अनेकांना ही गोष्ट आधीच ठाऊक असते, हे खरे. पण विद्यार्थ्याला ती लोकांसमोर करून दाखवावी लागते, तिची नोंदवही तपासली जाते आणि तिला गुण मिळतात. विस्ताराचे काम येथे पदवीचा हिशेब पूर्ण करणारा घटक आहे, आणि त्यामुळे ते कोणा एका प्राध्यापकाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही.

तथापि, विस्तार रचनेत असला म्हणजे जबाबदारी पूर्ण झाली असे मानता येत नाही, हे याच धानपट्ट्यातील एका प्रकरणाने दाखवून दिले. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बियाणे वर्षानुवर्षे वेगळे वाढवले आणि त्यातून बारीक दाण्याचा, खाण्यास चांगला असा वाण तयार केला, जो लोकप्रिय मनगटी घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून बाजारात प्रसिद्ध झाला. कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने १९९४ मध्ये त्यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाची भूमिका अशी होती की मूळ बियाणे मिश्र होते आणि निवड पद्धतीने त्याचे शुद्धीकरण संस्थेने केले. खोब्रागडे यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की मूळ शोधाचे श्रेय आणि लाभ शेतकऱ्याला मिळाला नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यालाही वाणाचा पैदासकार मानले, परंतु तोपर्यंत हा वाण अनेक राज्यांत पसरलेला होता. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने खोब्रागडे यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. या प्रकरणाचे महत्त्व असे की, विस्ताराची जुनी कल्पना ज्ञानाचा प्रवाह विद्यापीठाकडून गावाकडे जातो असे धरून चालली होती, आणि तो उलट दिशेनेही वाहतो तेव्हा नोंद कशी करावी याचे नियम विद्यापीठाजवळ नव्हते.

कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, संलग्नक विद्यापीठांच्या बाजूला वेगळ्या पद्धतीचा प्रयत्न झाला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ स्थापन होण्याच्या जेमतेम चार आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली, जी महाविद्यालयांत रासेयो या लघुनामाने ओळखली जाते. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी आणि दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची आखणी आहे. ग्रामीण महाविद्यालयांतील पिढ्यांना या शिबिराचा दिनक्रम तोंडपाठ असतो : जिल्हा परिषद शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदानात नाल्यावर रेती भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा, दुपारी बौद्धिक आणि रात्री गावकऱ्यांसमोर सांस्कृतिक कार्यक्रम. अनेक विद्यार्थ्यांना दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या थराच्या घरात जेवण्याचा पहिला अनुभव याच शिबिरांत मिळाला, आणि हा परिणाम कोणत्याही अहवालात मोजला गेला नसला तरी कमी मोलाचा नाही. परंतु कार्यक्रम अधिकारी हा नेहमीच्या अध्यापनाचा भार सांभाळून हे काम अतिरिक्त म्हणून पाहणारा प्राध्यापक असतो, आणि शिबिर संपल्यावर त्या बंधाऱ्यात किती पाणी अडले हा प्रश्न कोणत्याही विषयाच्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन व्यवस्थांतील हा भेद महत्त्वाचा आहे : एकीत समाजाचे काम विद्यापीठाच्या पदांत आणि पदवीत होते, दुसरीत ते योजनेच्या रूपाने बाहेरून जोडलेले होते.

हा भेद धोरणकर्त्यांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये विस्तार हे अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे अंग मानले. २ ऑक्टोबर १९७८ पासून राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि विद्यापीठांत प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग निघाले, ज्यांना पुढे आजीवन अध्ययन व विस्तार असे नाव मिळाले. ४ मे २००५ रोजी नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. ग्रामगीतेचे कर्ते असलेल्या आणि गाव हेच कार्यक्षेत्र मानणाऱ्या संताचे नाव धारण केल्याने विद्यापीठाने एक प्रकारे स्वतःकडून अपेक्षा जाहीर केली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजेच नॅकने, महाविद्यालयांच्या श्रेणीत विस्तारकार्याला गुण ठेवले. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयांत हे काम वाढले, हे नाकारता येत नाही. पण त्याचबरोबर वृक्षारोपणाचे, स्वच्छतेचे आणि जनजागृतीचे उपक्रम उपस्थितीपत्रक, बातमीचे कात्रण आणि स्थळकाळाची नोंद असलेले छायाचित्र यांत मावतील अशा आकाराचे होऊ लागले. ११ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानाने संस्थांना गावे दत्तक घेऊन त्यांच्या गरजांचा अभ्यास करण्यास सांगितले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने आजीवन अध्ययन व विस्तारासाठी वैधानिक मंडळ दिले.

खरा फरक पडू शकेल असा बदल त्यानंतर आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ठरवलेल्या रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प यांना पदवीत श्रेयांक मिळाले. श्रेयांक म्हणजे ठरावीक तासांच्या अध्ययनाचे असे एकक, ज्यांच्या बेरजेवर पदवी मिळते. कृषी पदवीधराला दीर्घकाळ लागू असलेला नियम अशा रीतीने कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही लागू झाला. १९२३ च्या परीक्षाप्रधान रचनेत समाजाचे काम प्रथमच तिच्याच भाषेत, म्हणजे गुणांच्या भाषेत, दाखल झाले.

या बदलाची कसोटी साकोली परिसरात पाहायची असेल तर माजी मालगुजारी तलावांपेक्षा योग्य विषय सापडणे कठीण आहे. मामा तलाव या नावाने ओळखले जाणारे हे तलाव गोंड राजांच्या काळापासून प्रामुख्याने कोहळी समाजातील जाणत्यांनी बांधले. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ घालणे, जादा पाणी खडकावरून किंवा सांडव्यातून काढणे आणि एका तलावाचे पाणी खालच्या तलावाला मिळेल अशी साखळी रचणे, ही त्यांची विद्या होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपली, तलावांची मालकी शासनाकडे आणि लहान तलावांची देखभाल जिल्हा परिषदेकडे गेली, आणि दरवर्षी गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची गावाची रीत मोडत गेली. तलावातील पाणवनस्पती, मासे आणि त्यांची परस्परांवरची अवलंबिता यांची बारीक माहिती ढीवर समाजाकडे आहे. तिची पद्धतशीर नोंद घेऊन तलाव पुनरुज्जीवित करण्याच्या कामात मोठा वाटा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या विद्यापीठाबाहेरच्या संस्थेने उचलला. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र हे पाच विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एकाच तलावावर एकत्र काम करता येईल, एवढी सामग्री प्रत्येक मोठ्या गावाजवळ आहे. आणि त्या कामात ढीवरांचे नाव माहिती देणारे म्हणून येते की अभ्यासाचे भागीदार म्हणून, यावर एचएमटीच्या प्रकरणातून विद्यापीठे काही शिकली की नाही हे ठरेल.

साकोलीच्या अनुभवातून विद्यापीठांतील बदलाविषयी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की सामाजिक जबाबदारी ही परिपत्रकाने किंवा नामांतराने येत नाही. पदनिर्मिती, अंदाजपत्रक आणि परीक्षा या तीन ठिकाणी तिला जागा मिळाली तरच ती अधिकारी बदलल्यावरही टिकते, आणि मिठाच्या पाण्यात बियाणे तपासून दाखवणारा विद्यार्थी हा त्या जागेचा पुरावा आहे. दुसरा असा की ही जागा मिळाल्यावरही काम पूर्ण होत नाही, कारण गुणांसाठी केलेला गावाचा अभ्यास गावाला काहीच परत न देता संपू शकतो. त्यासाठी अभ्यासाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवणे, ज्यांच्याकडून ज्ञान घेतले त्यांची नावे नोंदवणे आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने मागच्या तुकडीचे काम तपासून पुढे नेणे, अशा साध्या नियमांची गरज आहे. पहिली अट पूर्ण होण्यास नागपूर विद्यापीठाच्या संदर्भात सुमारे १०० वर्षे लागली. दुसरी अट पूर्ण करण्याचा अधिकार मात्र आज प्रत्येक महाविद्यालयाच्या विभागाकडे आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.